माझा माल शिळा नव्हता

पत्र चार ओळींचं होतं आणि इंग्रजीत होतं. मी सातवीपर्यंत शिकलेली, तीही मराठी शाळेत. म्हणून ते घेऊन समोरच्या औषधवाल्याकडे गेले. तिसऱ्या ओळीवर तो थांबला आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघू लागला.

"वाच की," मी म्हटलं.

"तुमच्याकडून आलेला माल शिळा आणि कामास अयोग्य असल्याचं आढळलं आहे. यापुढे तो घेतला जाणार नाही."

दुकानात दोन गिऱ्हाईकं उभी होती. दोघीही माझ्याकडून कोंबडी नेणाऱ्या. एकीने दुसरीकडे पाहिलं.

ते पत्र अजून माझ्याकडे आहे. पनवेलच्या बाजारात मला कजाग म्हणतात. मी सौद्याला बसले की समोरच्याला घाम फुटतो असं म्हणतात. म्हणोत, त्यातलं बरंचसं खरं आहे. पण माझा माल शिळा असतो, असं त्या दिवसाआधी कुणी म्हणालं नव्हतं आणि त्यानंतरही कुणाची हिंमत झाली नाही.

माझं माहेर उरणच्या बाजूचं, खाडीकाठचं, मासेमारी करणारं. ताजं कुठलं आणि शिळं कुठलं हे मी अक्षरओळखीच्या आधी शिकले. आई माशाचा कल्ला नुसता उचकटून सांगायची, हा पहाटेचा आहे की कालचा. बर्फ किती बारीक फोडायचा, माल बर्फाला टेकला पाहिजे पण पाण्यात लोळता कामा नये, हे सगळं माहेरचं शिक्षण. लग्न होऊन पनवेलला आले. नवरा कारखान्यात, पगार बेताचा. मी अंडी घेऊन रस्त्यावर बसले, मग कोंबड्या ठेवल्या, मग गाळा घेतला, आपटा गावच्या पोल्ट्रीवाल्याशी भांडून भांडून बारमाही करार केला, मग एक जुना टेम्पो. कुणी हात धरून काही शिकवलं नाही. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला माझा टेम्पो रोज सकाळी साफ केलेल्या कोंबड्या घेऊन खाडीपुलावरून मुंबईच्या हॉटेलांना जात होता.

त्याच सुमारास ती मुलगी दुकानात आली. पंचविशीची, सुती पंजाबी ड्रेस, हातात थर्मोकोलचा डबा.

"काकू, गिझर्ड मिळतील का?"

"काय मिळतील?"

तिने स्वतःच्या पोटावर हात ठेवला. "कोंबडीच्या पोटात दाणे दळणारी ती जाड पिशवी असते ना? कलेजीबरोबर देतात बघा."

"पेटे म्हण की. पाव किलो देऊ?"

"दोन किलो. आठवड्यातून दोनदा."

मी तिला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "घरी खानावळ आहे?"

ती हसली. "प्रयोगाला हवेत. मी कॅन्सरच्या संशोधनात आहे, मुंबईत. पण एक अट आहे. कोंबडी कापल्यापासून पाच मिनिटांत पेटा बर्फात गेला पाहिजे."

"मग कोंबडीच्या गळ्यात घड्याळच बांधते."

"काकू, मी खरंच सांगतेय. मुंबईच्या मार्केटमधून आणले, ते कोमट निघतात. त्यातलं प्रोटीन तुटून जातं."

"पंधरा मिनिटं."

"सात."

"बारा. आणि साफ तुमचे तुम्ही करा."

"साफ करून हवेत. आतली पिवळी साल काढून. आठ."

"साल काढायची आणि आठ? दहा. पुढे एक शब्द बोललीस तर पंधरा."

"दहा," ती म्हणाली.

लोक रुपयांवर घासाघीस करतात. ही मिनिटांवर करत होती. मला ते आवडलं. भाव मात्र मी सांगितला तो तिने मुकाट्याने मान्य केला, आणि ते मला अजिबात आवडलं नाही. भाव न करणारं गिऱ्हाईक गेलं की दिवसभर वाटत राहतं, आपण कमी सांगितलं. म्हणून मी माझी अट घातली. "या पेट्यांचं तुम्ही काय करता ते मला दाखवायचं."

"काकू, तुम्हाला कंटाळा येईल."

"ते मी बघेन."

ती नवीन पनवेलात राहायची. वडील सरकारी नोकरीत, पुण्याहून बदली होऊन आलेले. पेटे न्यायच्या दिवशी ती पहाटे दुकानात यायची आणि डबा मांडीवर घेऊन माझ्या टेम्पोत पुढे बसायची. मागे साठ-सत्तर सोललेल्या कोंबड्या. तिच्या आईला हे कळलं तेव्हा मोठा तमाशा झाला म्हणे. पण मुलगी थांबली नाही. तेव्हाच मी ओळखलं, ही आपल्या जातकुळीची आहे.

एका रविवारी ती मला प्रयोगशाळेत घेऊन गेली. मी जरीकाठाची साडी नेसले होते. तिथे सगळे रबरी चपला आणि पांढरे डगले घालून. एका अंधाऱ्या खोलीत तिने मला सूक्ष्मदर्शकासमोर बसवलं आणि डोळा लावायला सांगितला. आधी काहीच दिसेना. मग काळोखातून हिरवे धागे उजळून आले. ताणलेले, एकमेकांना छेदणारे, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

"जाळं आहे हे," मी म्हटलं.

"ही एक पेशी आहे. आपल्या अंगात अशा अगणित. तिला हाडं नसतात, पण हे धागे तिचा सांगाडा. यांच्यामुळे तिला आकार येतो, यांच्या जोरावर ती सरकते."

"धागे दिसले. गाठी कुठे आहेत?"

"कसल्या गाठी?"

"जाळं काठाला कुठेतरी बांधलेलं असणार ना? नाहीतर ताण कसा राहील?"

ती माझ्याकडे वळली. मग म्हणाली, "काकू, मी त्या गाठींवरच पीएच.डी. करतेय."

धाग्यांची टोकं पेशीच्या कडेला जिथे बांधलेली असतात, तिथे काही खास प्रोटीनं असतात. पेटा म्हणजे नुसता दणकट स्नायू, दिवसभर खडे आणि दाणे भरडणारा. त्यामुळे त्याच्यात ही गाठीची प्रोटीनं भरपूर. ती त्यातलं एक वेगळं काढत होती. त्याचं नाव व्हिन्क्युलिन. मी मात्र शेवटपर्यंत गाठच म्हणत राहिले आणि पुढे पुढे तीही तसंच म्हणायला लागली.

मग तिने दुसऱ्या सूक्ष्मदर्शकाखाली जिवंत पेशी ठेवल्या आणि त्यांच्यावर कसलासा थेंब सोडला. म्हणाली, हा वाढीचा निरोप आहे. जखम झाली की शरीर असे निरोप सोडतं, वाढा, सरका, जागा भरून काढा. मी बघत बसले. काही मिनिटांत पेशीची गुळगुळीत कड हलली आणि तिला झालर फुटली. परकराला असते तशी, लाटेसारखी वर येणारी आणि खाली बसणारी.

"बाहेरचा थेंब आत गेला?"

"नाही. तो बाहेरच राहतो. पेशीच्या भिंतीत निरोप घेणारे बसलेले असतात, अर्धे बाहेर, अर्धे आत. थेंब चिकटला की असे दोन जण जवळ येतात, जोडी करतात, आणि आतल्या बाजूने एकमेकांवर खूण करतात. फॉस्फेटची खूण. मग पुढच्यांवरही खुणा होतात. माझा अंदाज आहे, ती खूण गाठीवरही पडते, म्हणून गाठ सैल होते आणि कड हलायला मोकळी होते."

हे मला समजलं, कारण हे मी पाहिलं होतं. लहानपणी जत्रेत बैलबाजार भरायचा. दलाल आणि घेणारा हातात हात घालायचे, वर रुमाल टाकायचे आणि आत बोटं दाबून भाव ठरवायचे. बाहेर उभ्या असलेल्याला काही कळायचं नाही. बघता बघता रुमाल निघायचा आणि दावणीचा बैल सुटायचा. मी तिला हे सांगितलं तर तिने वही काढून लिहून घेतलं.

"आणि कॅन्सरमध्ये?"

"थेंब नसतानाही बोटं दाबली जातात. बैल सुटतच राहतात."

तेवढ्यात तिचे सर आले. उंच, हुशार, घाईत असलेला माणूस. "या कोण?"

"सर, गिझर्ड देतात त्या काकू. पनवेलच्या."

"अच्छा, कोंबडीवाल्या," सर म्हणाले आणि निघून गेले. मी कोंबडीवालीच आहे. त्यात राग येण्यासारखं काही नव्हतं. राग पुढे आला.

सुरुवातीचे दोन-तीन महिने काम फार छान चाललं. गाठीचं प्रोटीन त्या निरोप घेणाऱ्यांबरोबर नळीत ठेवायचं, वाढीचा थेंब घालायचा, आणि खूण पडली की एक्स-रेच्या फिल्मवर काळा पट्टा उमटायचा. ती फिल्म घेऊन मुलगी दुकानात यायची, कोंबड्यांच्या वर टांगलेल्या दिव्यासमोर धरायची आणि म्हणायची, "बघा, तुमचा पट्टा." सर खूश झाले. मागणी दुप्पट झाली. मला आणि दुकानातल्या गड्याला पेटे सोलायला वेळ पुरेना, म्हणून मी माझ्या माहेरच्या गावची एक मावशी कामावर ठेवली. साठीची, हात सुरीसारखा. दुकानामागच्या मोरीवर ती बसायची आणि बोलता बोलता पेट्यांचा ढीग संपवायची.

आणि मग पट्टा येईनासा झाला.

मुलीने औषधं बदलली, नळ्या बदलल्या, निरोप घेणारे नव्याने बनवले. फिल्म कोरी. तीन महिने फिल्म कोरी. ती टेम्पोत बोलेनाशी झाली. एकदा डबा उघडून पेटा नाकाशी धरून बसली होती, ते मी पाहिलं आणि माझं डोकं फिरलं.

"वास कसला घेतेस? माझ्यावर संशय?"

"संशय सगळ्यांवर आहे काकू. स्वतःवर पण."

मग सरांच्या सहीचं ते पत्र आलं.

दुसऱ्या दिवशी मी टेम्पोतून थेट सरांच्या खोलीत गेले. सोबत त्याच सकाळचा डबा. तो त्यांच्या टेबलावर, कागदांवरच ठेवला आणि झाकण काढलं. "घ्या वास."

"अहो बाई, हे काय!"

"शिळा म्हणता ना? मग घ्या वास आणि दाखवा कुठे शिळा आहे ते. दहा मिनिटांचा शब्द दिला होता, एक दिवस अकरावं मिनिट झालं असेल तर आत्ता दुकान बंद करते."

"प्रोटीन खराब झालेलं नाकाला कळत नसतं," सर शांतपणे म्हणाले. त्या शांतपणाचाच मला जास्त राग आला. "आधी काम होत होतं, आता होत नाही. एक तर तुमचा माल शिळा, नाहीतर हिचे हात खराब. मी तुमच्या मालाबद्दल लिहिलं. तिच्या हातांबद्दल लिहायला हवं होतं का?"

मुलगी दाराशी उभी होती. तिने मान खाली घातली. सर तिला उद्देशून पुढे म्हणाले, "पुढच्या आठवड्यापासून मार्केटमधून आण. महिन्याअखेर पट्टा आला नाही तर हा विषय मी दुसऱ्याला देणार आहे."

जिना उतरताना माझ्या लक्षात आलं, आपण कशात सापडलो आहोत ते. पुढच्या आठवड्यात मार्केटचा कोमट पेटा येईल आणि पट्टा उमटला, तर माझा माल शिळा होता हे कायमचं सिद्ध होईल. नाही उमटला, तर या पोरीची चार वर्षं पाण्यात. मला दोन्ही चालणार नव्हतं.

खालच्या पायरीवर मी तिला थांबवलं. "अजून एकदा माझा माल घे. पैसे नकोत. पण मी सांगते तसा."

बाजारात पारख करायची माझी एक पद्धत आहे. तीन ठिकाणचा माल शेजारी शेजारी ठेवायचा आणि पारखणाऱ्याला कुठला कुणाचा ते सांगायचं नाही. नाव कळलं की जीभ खोटं बोलते. मी तीन डबे भरले. एकात मावशीने साफ केलेले, नेहमीचे. दुसऱ्यात मी स्वतः, दुकानात मधोमध बसून, माझ्या हाताने सोललेले. तिसऱ्यात दुसऱ्या एका दुकानातून दुपारी विकत घेतलेले, सकाळपासून फळीवर पडलेले, ज्यांना मी कुत्र्यालाही घातलं नसतं. डब्यांना जाळ्याचा दोरा बांधला. एकाला निळा, एकाला लाल, एकाला पांढरा.

"कुठला कुठला आहे?" तिने विचारलं.

"तू पट्टा काढ. मग सांगते."

आठवडाभर मी कुणाशी धड बोलले नाही. ती आली ती शनिवारी दुपारी. फिल्म दिव्यासमोर धरली. लाल दोऱ्याच्या जागी दणदणीत काळा पट्टा. पांढऱ्याच्या जागी जरा फिका, पण पट्टा. निळ्याच्या जागी काही नाही.

"लाल माझा," मी म्हटलं. "पांढरा मार्केटचा, आठ तासांचा."

"आठ तासांचा? आणि तरी आला? म्हणजे शिळेपणाचा प्रश्नच नाही!" ती जवळजवळ ओरडलीच. "हे प्रोटीन तेवढं दणकट आहे. निळा कोणाचा?"

निळा मावशीचा होता. पण त्याच कोंबड्या, तीच सुरी, तोच बर्फ. मी तिला काही बोलले नाही. फक्त म्हटलं, "सोमवारी पहाटे ये."

सोमवारी आम्ही दोघी मोरीच्या दारामागे उभ्या राहिलो. मावशी पाटावर बसली होती. तिने पेटा चिरला, आतली पिवळी साल एका ओढीत काढली, मांस पातेल्यात टाकलं. पातेलं भरलं तशी तिने मुठीने मीठ टाकलं, मग कमरेची पिशवी सोडली, त्यातून एक छोटा डबा काढला आणि वर हळद भुरभुरली. दोन्ही हातांनी चोळायला लागली, जसा आजारी माणसाचा पाय चोळावा.

"मावशी!"

ती दचकली. "काय गो बाय? सकाल सकाल वरडतंस कशाला?"

"हे काय लावतेस?"

"हलद."

"कुणी सांगितलं तुला हळद लावायला?"

"सांगायला कशाला पायजे? आजारी मानसाच्या पोटात जायाचं हाय. तुजा टेम्पोवाला बोलला, कॅन्सरवाल्यांकडं जातंय. त्या बिचाऱ्यांना वास मारनारा पेटा देऊ काय? हलद-मीट लावतंय, चोलतंय, तीन पान्यांनी धुतंय, मंगच बर्फात. येक दिस चुकवला नाय."

"अगं, ते खात नाहीत!"

"खात नाय? मंग येवडं पेटं घेऊन करतान काय?"

आता हिला काय सांगू? "त्यातल्या गाठी काढतात," मी म्हटलं.

मावशीने माझ्याकडे वेड लागलेल्या माणसाकडे बघावं तसं पाहिलं. "पेट्यात कुटं गाठी असतान?"

मी तिला नाही नाही ते बोलले. ती ऐकून घेणाऱ्यातली नव्हती. "तीन महिने चोललं ते फुकट काय? हलद माज्या घरची आनतंय. तुज्याकडं मागितली कदी?" तिचं खरं होतं. सौद्याच्या अटी घालताना मी सुरी बघितली, बर्फ बघितला, घड्याळ बघितलं. आपल्याच मोरीवर काय चाललंय ते कधी वाकून पाहिलं नव्हतं. आणि पिवळेपणा कुणाच्याच डोळ्यांवर आला नाही, कारण पेट्याची आतली सालच मुळात पिवळी. प्रयोगशाळेतही सगळे समजत होते, सालीचा रंग उतरला आहे.

मुलगी मात्र मोरीच्या उंबऱ्यावर मटकन बसली होती आणि हसत होती. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग ओढणीने डोळे पुसले. "हळदीने पट्टा जातो?" ती स्वतःशीच म्हणाली.

मी मावशीला टेम्पोत घातलं आणि तिघी सरांकडे गेलो. मुकाट्याने हळद बंद करता आली असती. दुसऱ्या दिवसापासून माल चालला असता. पण मग सर समजले असते, दम दिल्यावर बाई ताजा माल द्यायला लागली. ते मला मेले तरी चाललं नसतं. माझ्या मोरीवर चूक झाली, हे मी माझ्या तोंडाने सांगितलं. आयुष्यात अशी कबुली मी फार वेळा दिलेली नाही.

सरांनी आधी कपाळावर हात मारला. मग मावशीला विचारलं, "तुम्ही हळद किती घालायच्या?"

"अंदाजानं. कालवनाला घालतान तेवडी."

"आणि तीन वेळा धुवायच्या?"

"मंग? तशीच देऊ?"

सर खुर्चीत मागे रेलले. तीन पाण्यांनी धुऊनही उरते आणि खूण थांबवते, हे ते पुटपुटले तेव्हा त्यांचा चेहरा बदलला होता. माणूस कामाचा होता, हे मी नाकारत नाही. त्याच आठवड्यात मुलीने हळद स्पिरिटमध्ये विरघळवून गाळून घेतली आणि माझ्या लाल दोऱ्याच्या, स्वच्छ मालात थेंबभर घातली. पट्टा गेला. मग जिवंत पेशींवर आधी हळदीचा थेंब आणि नंतर वाढीचा थेंब. मी तिथे होते, मला दाखवायलाच तिने बोलावलं होतं. मी डोळा लावून बसले. पेशीची कड गुळगुळीतच राहिली. झालर फुटली नाही.

"थेंब पोचलाय," ती माझ्या कानाशी म्हणाली. "रुमाल टाकला, हात आत गेले. पण बोटं दाबली जात नाहीयेत."

ती इतकी आनंदात होती की तिच्या हातांबद्दल कुणी काय म्हटलं होतं, ते ती विसरूनही गेली. मी विसरले नव्हते. मी सरांच्या खोलीत गेले.

"ते पत्र मागे घ्या."

"बाई, काम सुरू झालं, ऑर्डर पुन्हा सुरू करतोय. नवं पत्र देतो ना."

"नव्याचं काय करू? जुन्यात शिळा लिहिलंय."

"हळद लागलेला माल कामास अयोग्यच होता. त्यात खोटं काय?"

"अयोग्य ठेवा. तो शब्द माझा, मी घेतला. शिळा तेवढं काढा."

असा सौदा मी आयुष्यात कधी केला नव्हता, एक शब्द सोडून एक मागायचा. दुसरा कुणीही तयार झाला असता. ते घड्याळाकडे बघत म्हणाले, "ते पत्र फाईलला लागलंय. एवढ्याशा शब्दासाठी तुम्ही कशाला मनाला लावून घेता? कोण वाचणार आहे?"

"माझ्या गल्लीतल्या औषधवाल्याने वाचलंय," मी म्हटलं आणि उठले. त्यानंतर त्या इमारतीची पायरी मी चढले नाही. नवं पत्र आलं तेही परत पाठवलं. मुलीला मात्र माल दिला, तिचं काम संपेपर्यंत, दर आठवड्याला दोनदा, फाटकाबाहेर. पेटे मी स्वतः सोलत होते. मावशीला कलेजीवर बसवलं होतं, आणि ती महिनाभर माझ्याशी तुटक बोलत होती.

दीड-दोन वर्षांनी मुलगी टाईप केलेल्या कागदांचा गठ्ठा घेऊन दुकानात आली. प्रबंध पुरा होत आला होता. "काकू, आभारात तुमचं नाव घालतेय."

"आभार सगळेच मानतात. माल कुठून घेतला, कसा होता, ते कुठे लिहितेस?"

तिने पानं उलटली आणि वाचलं, "गिझर्ड स्थानिक बाजारातून आणले."

"स्थानिक बाजार? हे असं लिहायचं? नाव नको मला. पनवेल लिही. दहा मिनिटं लिही. आणि ताजे लिही."

"काकू, ताजे हा शब्द सर खोडतात. म्हणतात, मिनिटं लिहिली की पुरे, शास्त्रात विशेषणं लागत नाहीत."

"पत्रात बरी लागली."

तिने पेन काढून समासात ताजे लिहिलं. मग म्हणाली, "मिनिटं सात लिहू?"

"दहा म्हणजे दहा. मी खोटं लिहून घेत नाही."

सरांनी ताजे हा शब्द पेन्सिलने दोनदा खोडला, हे तिने मला नंतर सांगितलं. तिसऱ्यांदा तिने पुन्हा घातला आणि सरांना म्हणाली, हा गेला तर ते पत्र परिशिष्टात जोडावं लागेल. हे कुणाकडून शिकली, ते मी विचारलं नाही. बांधलेली प्रत घेऊन ती आली. निळं पुठ्ठा-बांधणीचं जाड पुस्तक, पहिल्या पानावर सरांची सही.

मी ते घेऊन लगेच समोर गेले नाही. दाराशी उभी राहून वाट पाहिली. औषधवाल्याकडे एक गिऱ्हाईक आलं, मग दुसरं आलं. दुसरी बाई पत्राच्या दिवशी तिथे उभी असलेल्यांतलीच होती, त्यामुळे उत्तमच. मग मी रस्ता ओलांडला आणि पुस्तक काउंटरवर ठेवलं. मुलीने कागदाची खूण घालून दिली होती.

"वाच," मी म्हटलं. "मोठ्याने."

त्याने चष्मा सारखा केला. "कोंबडीचे ताजे पेटे पनवेलहून घेतले. कापल्यापासून दहा मिनिटांच्या आत ते बर्फात ठेवलेले होते. पेटे मीठ किंवा हळद न लावता स्वच्छ केलेले असावेत."

"आता पहिल्या पानावरची सही कुणाची आहे ते बघ."

त्याने पाहिली आणि मान डोलावली. बाईनेही पुस्तकात डोकावून पाहिलं, इंग्रजी होतं तरी. मग जरा विचार करून तिने मला विचारलं, "म्हणजे वहिनी, पेट्याला हळद लावायची की नाही लावायची?"

"खायचे असतील तर लावायची," मी म्हटलं. "पाव किलो बांधू का? आत्ताच आलेत."